दोराचं पलीकडचं टोक

१

मुरबे या कोळ्यांच्या गावात, शेवटच्या आळीत, वादळाची तयारी म्हणजे काही फार मोठं प्रकरण नसे. कोणी कोणाला शिकवायला नको. होड्या ओढून वर आणायच्या, वाळत घातलेले बोंबील अर्धे ओले असले तरी पाट्यांत भरायचे, मडक्यांत पाणी साठवायचं, आणि मग घर बांधायचं. बांधायचं म्हणजे अक्षरशः बांधायचं, दोराने. पेंढ्याच्या छपरावर जुनं जाळं अंथरायचं, त्यावरून काथ्याचे पाच दोर टाकायचे आणि दोन्ही बाजूंना जमिनीतल्या खुंटांना आवळायचे.

हे एकट्याचं काम नव्हे. दर्यात वादळ उठलं की पहिल्या दिवशी वारा जमिनीकडून पाण्याकडे जातो. म्हणून दोर टाकणारा आळीच्या बाजूला, अंगणात उभा राहतो आणि झेलणारा घरामागे, समुद्राच्या अंगाला. मधे छप्पर. ना तोंड दिसत, ना वाऱ्यात हाक पोचत. मग झेलणाऱ्याने दोराला दोन झटके द्यायचे. दोन झटके म्हणजे धरला, आता तू आवळ. टाकणार नवरा, झेलणार बायको. कोणी ठरवलं होतं देव जाणे, पण तसंच चालायचं.

लग्नानंतर जमनेने तीन वेळा घर बांधलं होतं आणि तिन्ही वेळा झेलायला तीच होती. तिच्यासारखी झेलणारी आळीत दुसरी नाही, असं तिचा नवरा नवशा चारचौघांत सांगायचा आणि घरी आला की तिच्या गाठी बघून नाक मुरडायचा. तो डावखुरा. त्याच्या गाठी सगळ्या उलट्या पडायच्या, आणि म्हणे जमनेच्या चुकीच्या! दोन झटके देऊन झाले की जमना एक तिसरा द्यायची, छोटासा, उगाचच. त्याला काही अर्थ नव्हता. पलीकडे नवशा हसत असणार एवढं तिला ठाऊक असायचं आणि तेवढ्यासाठीच ती तो द्यायची. ही त्या दोघांतली चेष्टा होती, तिसऱ्या कोणाला ती माहीत नव्हती.

चार वर्षांपूर्वी नवशाची होडी गेली ती परत आली नाही. होडीवर चार जण होते. दोघे सातपाटीचे, एक नवशा आणि एक शेजारच्या गोजराबाईचा शांताराम. फळकूट नाही, जाळं नाही, प्रेत नाही. त्यानंतर घर बांधण्याजोगं वादळ आलंच नव्हतं. या वर्षी आलं, दिवाळी सरून आठवडा झाल्यावर. तारापूरला विजेच्या केंद्राचं काम सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट.

२

सकाळी मामलेदार कचेरीची जीप भोंगा लावून आळीतून गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी शाळेच्या पक्क्या इमारतीत जावं, घरात कोणी राहू नये. सांगायची गरज नव्हती. आकाश तांबूस पिवळं झालं होतं, माणसांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसत होते, आणि ओहोटी इतकी लांब गेली होती की म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही कधी न पाहिलेला चिखल उघडा पडला होता.

जमनेचा दीर मारुती भावाच्या मागे दर्यावर गेला नाही. तारापूरच्या बांधकामावर मुकादमाच्या हाताखाली होता, सायकलने जायचा-यायचा. आज तिथलंही काम बंद होतं.

"वयनी, मी जरा होड्या ओढायला हात लावून येतो," तो म्हणाला. "मग घर बांधू. तू एकटीनं काय करू नको."

"बरं," जमना म्हणाली, आणि तो वळणावरून दिसेनासा होताच कामाला लागली. बसून वाट पाहणं तिला कधीच जमलं नव्हतं, आणि गेल्या चार वर्षांत तर त्या गोष्टीचा तिला वीट आला होता. आत सुलू तापाने झोपली होती. पाच वर्षांची पोर, बाप गेला तेव्हा नुकती पाऊल टाकायला शिकलेली.

जमनेचा बेत साधा होता. अंगणातून दोर टाकायचा, घराला वळसा घालून मागे जायचं, टोक बांधायचं, पुन्हा पुढे येऊन आवळायचं. पाच दोर म्हणजे पाच वळसे. तिने पहिल्या दोराच्या टोकाला दगड बांधला आणि फेकला. वारा पाठीशी होताच. दोर छपरावरून सरसरत पलीकडे गेला. ती वळसा घ्यायला निघाली आणि हातातल्या दोराला दोन झटके बसले.

'आले वाटतं मारुती भावजी,' ती मनात म्हणाली. होड्या इतक्यात कशा वर आल्या, हा प्रश्न तिला पडला नाही. खालच्या वाटेने परस्पर मागे गेले असतील. तिने दोर आवळला. पलीकडून ताण आला, चांगला, गड्याचा.

दुसरा दोर टाकला. दोन झटके आले. जमनेने दोर आवळायला हात पुढे केला आणि तेवढ्यात, छोटासा, उगाचच, तिसरा आला.

३

जमना अंगणात तशीच उभी राहिली. तिने दोर सोडून पदर धरला.

बाई हुशार होती. तिने स्वतःला समजावायला सुरुवात केली. दोर जाळ्यात अडकला असेल आणि वाऱ्याने सुटला असेल, म्हणून झटका बसला. मारुतीचा हात घसरला असेल. आपल्याला रात्रीपासून पोरीच्या तापाने झोप नाही, म्हणून असं वाटतं. सगळी कारणं चांगली होती. त्यातलं एकही तिला नको होतं.

मागे जाऊन बघणं दहा पावलांचं काम. ती गेली नाही. मागे मारुती निघाला असता तर? किंवा कोणीच नसतं तर? चार वर्षं तिने दार वाजलं की उठून बघितलं होतं, आणि बघितलं की तिथे कोणी नसायचं. या खेपेला न बघताच जे मिळतंय ते तिला हवं होतं. तहान लागलेलं माणूस पाणी कुठल्या विहिरीचं हे विचारत नाही, तशी तिची गत झाली होती.

तिने दुसरा दोर आवळला आणि तिसरा टाकला.

"आवो," ती छपराकडे बघून हळूच म्हणाली, "सुलू आता बोलते. सगळं बोलते."

दोन झटके. मग थांबून, तिसरा.

चौथ्याला ती म्हणाली, "भावजी दर्यावर जात नाय. मीच नाय म्हनलं. रागावू नका." आणि पाचव्याला तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही. ती रडत होती आणि रडता रडता दोर आवळत होती. पाचही दोर वीणेच्या तारांसारखे ताणले गेले.

"वयनी!"

मारुती आळीतून येत होता. समोरून. गुडघ्यापर्यंत चिखल, धापा टाकत. "थांब म्हनलं होतं ना? होड्यांनी जीव काढला बघ. आता येतोय मी." मग त्याचं छपराकडे लक्ष गेलं. "अरेच्चा! कोनी झेलला दोर?"

जमनेने डोळे पुसले. "मीच बांधले," ती म्हणाली. "फिरून फिरून."

आयुष्यात ती इतकं गोड खोटं कधी बोलली नव्हती.

४

"चल मग," मारुती म्हणाला. "पोरीला मी घेतो खांद्यावर. शाळेत जाऊ."

"मी नाय येत."

"काय?"

"पोरीला ताप हाय. तिथं गर्दी, ओलं, लोकांची पोरं खोकत असतील. घर पक्कं बांधलंय. बघा तरी कसं बांधलंय!"

मारुतीने बघितलं. बांधलं तर खरंच चांगलं होतं. नवराबायकोने दोन्हीकडून आवळलेलं घर वादळात राहतं, हे तोही लहानपणापासून पाहत आला होता. पण तो कपाळाला हात लावून म्हणाला, "तू पन तशीच आनि ती गोजराकाकी पन तशीच. मघाशी तिला न्यायला गेलो तर दारात बसून हसते. म्हनते, माझं घर बांधून झालं. कोनी बांधलं म्हनून इचारलं तर सांगत नाय. तुमा बायांना झालंय काय आज?"

गोजराबाईला दिसत नव्हतं धड, तिच्याच्याने दोर उचलवला नसता.

"मी बैलगाडी घेऊन येतो," मारुती शेवटी म्हणाला. "तासाभरात. तेव्हा मात्र मी ऐकनार नाय. दोघींना उचलून घालीन गाडीत."

तो गेला. जमनेने दाराला आतून कडी लावली आणि वेणी घातली. तिला स्वतःचंच हसू आलं, वादळ तोंडावर आणि ही बया वेणी घालतेय. पण तिने ती घातली, नीट, तेल लावून. दोन भाकऱ्या थापल्या, सुकटीचं कालवण गरम केलं, ताट वाढलं आणि मागच्या दाराशी ठेवलं. मागचं दार तिने उघडलं नाही. त्याने आपण होऊन वाजवावं, असं तिला वाटत होतं. नाहीतरी घर त्याचंच होतं.

सुलूच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "तुझा बापूस आलाय." पोरीने डोळे उघडले नाहीत.

मग घर कुरकुरलं. वारा म्हणावा तर अजून तसा वाढला नव्हता. छप्पर पेलणाऱ्या मेढी कुरकुरल्या, थांबल्या, पुन्हा कुरकुरल्या. जमना ऐकत राहिली. वाऱ्याचा आवाज असा नसतो. वारा मनाला येईल तेव्हा येतो, जातो. हा आवाज मोजून येत होता. एक दम, मग विसावा. एक दम, मग विसावा. असा आवाज तिने कुठेतरी ऐकला होता, रोज ऐकला होता, पण कुठे ते काही केल्या आठवेना.

५

गोजराबाईशी बोलावं, असं तिला फार वाटू लागलं. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर वेड लागलं म्हणाले असते. पोर झोपली आहे, घर तर दोन ढांगांवर. ती पुढच्या दाराने बाहेर पडली आणि दार नुसतं लोटून घेतलं.

गोजराबाई उंबऱ्यात बसली होती. नवं लुगडं नेसली होती आणि मांडीवर गाठोडं होतं.

"जमने ना?" म्हातारी म्हणाली. "तुझे पन झेलले का गं?"

जमना तिच्यापाशी बसली. "हो काकी. पाचही."

"माजा शांतू आला. मी तर नुसते दोर अंगनात काढून ठेवले होते. मला कुठे टाकता येतात? त्यानंच घेतले ओढून, एकेक करून." तिने जमनेचा हात शोधून धरला. "आईचं काम त्याला कदी सांगावं नाय लागलं."

"बोलला का काय? दिसला का?"

"मला मेलीला काय दिसतंय! आवाज नाय दिला. पन मला कळतं ना." म्हातारी साधेपणाने म्हणाली, "चार वर्सं झाली पोरी. त्यांना तिकडं घर नाय. म्हनून न्यायला आलेत."

"कोनाला न्यायला, काकी?"

"घर गं. घर न्यायला. आपन आपल्या घरातच असनार ना? मग झालं."

म्हातारीचं घर कुरकुरलं. एक दम, मग विसावा. जमना उठली आणि म्हातारीच्या घराला वळसा घालून मागे, जिथे दिवसभर जायचं तिने टाळलं होतं त्या समुद्राच्या अंगाला गेली.

दोन्ही घरांमागचे खुंट रिकामे होते. दोर खुंटांना बांधलेलेच नव्हते. प्रत्येकाचं टोक एका दुसऱ्या दोराला गाठलं होतं, हाताच्या मनगटाएवढ्या जाड, काळ्या, शेवाळ धरलेल्या दोराला. ते दोर सरळ वाळूवरून गेले होते, चिखलात उतरले होते, आणि जिथे दर्या मागे हटला होता तिथपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे ताणलेले दिसत होते. आणि तेव्हा तिला आवाजाची ओळख पटली. होडी ओढताना माणसं एका दमात जोर लावतात आणि मग विसावा घेतात, तो आवाज होता.

६

जमना धावली. आपल्या अंगणात आली तर पुढचं दार उघडेना. तिने कडी लावली नव्हती. घराचा सांगाडाच तिरका झाला होता आणि दार चौकटीत घट्ट बसलं होतं, मागचं तर आतून लावलेलंच होतं. मेढी समुद्राकडे कलल्या होत्या. आत सुलू जागी झाली होती.

"आये! घर हलतंय!"

"खाली बस! जमिनीवर बस, मी आले!"

ओट्यावर नारळ सोलायचा कोयता पडला होता. तो घेऊन ती मागे गेली. पाच दोर, पाच गाठी. गाठी तिने पाहिल्या, आणि मनात जी एक शंकेची भेग उरली होती तीही बुजली. सगळ्या उलट्या पडलेल्या होत्या.

तिने पहिला दोर तोडला. दुसरा. ओला काथ्या चिवट असतो, एका घावात तुटत नाही. तिसऱ्याला दोन घाव लागले. चौथा तुटला तेव्हा घर धप्पकन मागे बसलं आणि आत पोरीने किंकाळी फोडली. पाचव्यावर कोयता ठेवून तिने वर पाहिलं. बघायचं नाही असं ठरवूनही पाहिलं.

चिखलाच्या टोकाला, पिवळ्या उजेडात, पाणी आणि आकाश एक झालं होतं तिथे माणसं उभी होती. होडी ओढताना ओळीने उभी राहतात तशी, दोर खांद्यावर घेऊन, वाकून, सगळ्यांच्या पाठी किनाऱ्याकडे. किती होती ते तिला मोजता आलं नाही. चारपेक्षा पुष्कळ जास्त होती. तिच्या दोराला मात्र एकच होता, आणि त्याने दोर डाव्या खांद्यावर घेतला होता.

ती पाठ तिने ओळखली. त्या पाठीला तिने तेल लावलं होतं, त्या पाठीमागे झोपली होती. किती वाळली होती! चार वर्षं कोणी जेवू घातलं नसावं. आपण ताट वाढलंय, हे याला सांगावं, एवढा एकच विचार तिच्या मनात आला.

"आवो!" ती ओरडली.

दोर ढिला पडला. पाठ सरळ झाली. तो वळू लागला, सावकाश, आधी खांदा, मग मान.

जमनेला त्याचा चेहरा बघायचा होता. जगात दुसरं काही नको इतका बघायचा होता. आणि तो एकदा दिसला तर आपला हात चालणार नाही, आपण घरात जाऊन पोरीला घेऊन बसू आणि दार लावून घेऊ, हेही तिला त्याच क्षणी कळलं. आत सुलू दारावर मुठी मारत होती.

जमनेने डोळे मिटले आणि कोयता मारला. तीन घाव लागले. मोजणारं कोणी असतं तर त्याला पहिले दोन मुद्दाम हलके मारल्यासारखे वाटले असते.

तिने डोळे उघडले तेव्हा पाणी परत येत होतं. दुसरं काही नव्हतं.

७

मारुती गाडी घेऊन आला आणि त्याने कुऱ्हाडीने दार फोडून सुलूला बाहेर काढलं. गोजराबाईला उचलायला तो गेला तेव्हा गुडघाभर पाणी आलं होतं आणि तिचं घर त्याला सापडलं नाही. पावसाच्या भिंतीपुढे आपली वाट चुकली, असंच तो पुढे सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला आणि लोक आळीत परतले. जमनेचं घर जागच्या जागी कोसळलं होतं. छप्पर एकीकडे, कूड एकीकडे, चूल फुटलेली. इतरांचीही थोडीफार तीच कथा. गोजराबाईच्या घराचं मात्र काहीच पडलेलं नव्हतं. मेढ नाही, मडकं नाही, चुलीतली राख नाही. नुसती सारवल्यासारखी गुळगुळीत वाळू. पाण्याने नेलं, असं सगळे म्हणाले. मारुतीने जमनेच्या घरामागचे तुटके दोर हातात घेऊन पाहिले. कोयत्याचे घाव न ओळखण्याइतका तो अडाणी नव्हता. त्याने वहिनीकडे एकदा पाहिलं आणि दोर वाळूत पुरून टाकले.

घर पुन्हा उभं राहिलं, कौलारू. सुलू मोठी झाली. बापाचा फोटो घरात नव्हता, त्या काळी कोणाच्या घरात असायचा! त्यामुळे पोर अधूनमधून विचारायची.

"आये, बापूस दिसायला कसा होता गं?"

वादळाआधी जमना सांगायची. नाक असं, हनुवटीला खळी, हसताना एक डोळा बारीक व्हायचा. चार वर्षं तिने तो चेहरा रोज रात्री मनाशी घोकला होता. वादळानंतर ती सांगायला बसली की शब्द तेच यायचे, पण शब्दांमागे काही दिसत नसे. तिने डोळे मिटून पाहिलं, देवापुढे बसून पाहिलं. चेहरा येत नव्हता.

"तुझा बापूस ना," ती म्हणायची आणि थांबायची. मग भाकरी थापता थापता, पोरीकडे न बघता सांगायची, "पाठ रुंद होती त्याची. खूप रुंद."